दान

टॉइवो लेहटिनेनने मला हिशेबाला ठेवलं
तेव्हा हिशेब ठेवावा असं त्याच्याकडे काही नव्हतं.
डुलूथ गावात हार्डवेअरच्या दुकानाखालचं तळघर,
एक उसना संगणक, वीस बाजूंचा एक फासा,
आणि छताला टेकलेल्या खिडकीतून
लोहखनिज भरून तलावावर निघालेलं एखादं जहाज,
तेही अर्धंच.

"वाच, मार्लिस," म्हणाला. एकच पान होतं.
मोठ्या कंपनीने आपल्या खेळाचे नियम मोकळे सोडले होते:
घ्या, वर काय हवं ते रचा, छापा, विका,
आम्हाला एक सेंट नको.
मी तीनदा वाचलं.
फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांतली मी नाही.
"यात त्यांचं काय?"

"आपण भुतं विकू, भुयारं विकू,
पण खेळायला बसणाऱ्याला नियमांचं ते जाड पुस्तक लागणारच.
ते त्यांचं.
आपण सगळे त्यांचे बिनपगारी विक्रेते."
हे कळत होतं त्याला. आणि तरी चेहरा असा,
जसं दान पडलंय.

पहिलं पुस्तक: बुडालेल्या खाणकामगारांचं दीपगृह.
चौसष्ट पानं. चार हजार एकशे प्रती खपल्या.
मी नवी वही आणली. लाल शाई आणली नाही.

पुढच्या वर्षी सगळेच आले.
टोलीडोचा एक दंतवैद्य, टूसॉनचे दोघे भाऊ,
यक्षिणींवर पुस्तक, यक्षिणींच्या चपलांवर पुस्तक.
दुकानदार आधी निवडून घ्यायचे,
मग वजनावर, मग फोनच उचलेनात.
खोके परत आले, काही तर न फोडलेले.
त्यातच कंपनीने नियमांची नवी आवृत्ती काढली
आणि आमचं दीपगृह रातोरात
पाणी सरलेल्या किनाऱ्यावर उभं.

छापखान्याचं देणं टॉइवोने पियानो जुळवून फेडलं.
सहा वर्षं. एक हप्ता चुकला नाही, माझ्याकडे नोंद आहे.
खोक्यांवर आम्ही बसायचो, जेवायचो.
एकात मांजर व्याली.

तो गेला, त्यानंतरच्या तिसऱ्या जानेवारीत बातमी फुटली:
ते पान कंपनी मागे घेणार.
अमुक विक्रीच्या वर गेलात तर आमचा वाटा.
मी गावातल्या वकिलाकडे गेले.
वीस वर्षं लोक जिथून येतात-जातात
तिथे आता फाटक?
वहिवाट म्हणून काही असतं की नाही?
म्हणाला, असतंही आणि नसतंही.
याचे तीनशे डॉलर.

पण लोक भडकले, आणि भडकलेले लोक
खरेदी करतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
कंपनीचं सोडून ज्याचं मिळेल त्याचं.
अकरा दिवसांत तळघर रिकामं झालं.
मांजरीवाला खोकासुद्धा, तेवढी त्यावर सवलत दिली.
कंपनी नमली, नियम पूर्वीपेक्षाही सैल सोडले.
तोवर टूसॉनच्या भावांनी स्वतःचे नियम लिहायला घेतले होते.
आणि दंतवैद्यानेही.

मागच्या आठवड्यात कौनासहून एक पार्सल आलं.
उग्ने नावाच्या मुलीने पुस्तक केलंय: गोठलेला समुद्र,
आणि त्यात आमचं दीपगृह, तिने जरा वाकडं बांधलेलं.
शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
कुणाकडून काय घेतलं त्याची यादी.
त्या पानाची अटच तशी होती, घ्या पण नाव छापा.
सतरा ओळी. त्यांतले किती जिवंत, ठाऊक नाही.
नववी ओळ: टॉइवो लेहटिनेन, डुलूथ.
तिने त्याला पाहिलेलं नाही. स्पेलिंग बरोबर आहे.

येणं: शून्य.
देणं: शून्य.
तरी तारीख घातली मी, आणि पुढचा रकाना
मोकळा ठेवला.

त्याचा फासा टेबलावर असतो,
कागद उडू नयेत म्हणून.
फार हलका आहे. कागद उडतात.
आज वर सात आहे.